न मागितलेलं पाणी

सुभेदारांना माझ्या घरी पाणी मागताना मी कधी पाहिलं नाही. भिंतीला भिंत लागून घर. रोज सकाळी पेपर वाचायला यायचे, कारण पेपर आमच्याकडे यायचा आणि शेजारी येत असताना आपण वेगळा घेणं त्यांना उधळपट्टी वाटायची. ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसायचे, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचायचे, एखाद्या बातमीला नुसतं "हं" म्हणायचे. घसा कोरडा पडला की खाकरायचे. पण "बाई, जरा पाणी द्या" एवढं म्हणतील तर शपथ.

मी तोंडाळ बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात जन्म गेला, त्यामुळे कुणाची खोड दिसली की ती मोडून बघायची मला सवय. एकदा वैशाखात ठरवलं, आज पाणी द्यायचंच नाही, बघू या किती वेळ बसतात. बसले. पेपर संपला. मग उलटा सुरू केला. निविदा वाचल्या, राशिभविष्य वाचलं, जे त्यांनी आयुष्यात वाचलं नव्हतं. ओठ सुकलेले मला दिसत होते. शेवटी उठले, पेपरची घडी होती तशी केली, "चला, निघतो बाई" म्हणाले आणि घरी गेले. भिंतीपलीकडून मला तांब्या माठात बुडाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा आला. थोड्या वेळानं जिजी, म्हणजे सुभेदारांची बायको, कंबरेवर हात ठेवून दारात उभी.

"काय वं बाई, आज त्यासले पानी नही दिन्हं का तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांच्यासमोर तांब्या-भांडं ठेवलं. ते पहिल्यांदा मनापासून हसले आणि म्हणाले, "बाई, मांगीसन पानी फक्त आपला घरमा पिवानं. दुसराना घर ते येस का नही, इतलंच देखानं."

मागून पाणी प्यायचं ते फक्त आपल्याच घरात, हा मला म्हातारपणाचा हट्ट वाटला. तसा तो नव्हता.

नाव उत्तमराव. पण सगळा गाव सुभेदार म्हणायचा, आणि म्हणणाऱ्याला ते प्रत्येक वेळी थांबवून सांगायचे, "नायब सुभेदार. नायब विसरू नका." जो हुद्दा आपला नाही तो फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही, पुढे जे सांगायचं आहे ते गावाला फारसं शोभणारं नाही. कळसाडी, ब्राह्मणपुरी या बाजूचंच समजा. ऊस, कापूस, केळी, आणि गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. आमच्याकडे बहुतेक गावांना अशी भिलाटी असते. वेचणी, निंदणी, तोडणी, सगळं तिथल्या माणसांच्या हातावर चालतं, आणि गाव त्यांना कामापुरतं ओळखतं.

सुभेदार उंच, काळेसावळे, सुपारी खाऊन दात लाल झालेले. रोज पहाटे दाढी. लग्नाला जायचं असो की गोठ्यात, शर्टाला इस्त्री. रस्त्याच्या कडेकडेनं चालायचे, मध्यातून नाही, ओट्यावर दाराकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. घरात एक म्हैस होती, तिच्याशी ते हिंदीत बोलायचे. "चलो, पीछे हटो. शाबाश." म्हैस हटायची. जिजी म्हणायची, "म्हैसले हिंदी समजाले लागनी, पन माले आजून नही समजत." आणि पाण्याचे माठ तीन. घरात एक, परसात एक आणि ओट्यावर रस्त्याच्या बाजूला तिसरा, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. तो रोज सकाळी ते स्वतः भरायचे, आणि कुणी वाटसरू मागायच्या आत पेला पुढे करायचे. ऊसतोडीला जाणारं कुणी असो की मोटारसायकलवरून आलेला विमा एजंट, सगळ्यांना एकच पेला. जिजीला या माठांचा वैताग होता, कारण धुवायचे तिला.

त्या माठांचं कारण मला एका पंधरा ऑगस्टला कळलं. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी त्यांना भाषणाला बोलावलं होतं. मी निवृत्त झालेले, तरी खुर्चीचा मान म्हणून मलाही बोलावणं होतं. हेडमास्तरांनी ओळख करून देताना "रणांगणावरचे शूर वीर" वगैरे बरंच काही म्हटलं. सुभेदार उठले, आधी 'नायब'ची दुरुस्ती केली, मग म्हणाले, "मी तुम्हाला जिंकल्याची गोष्ट सांगतो." पोरं सावरून बसली. बंदुका येणार, धडाधड होणार.

त्यांची पलटण समुद्रापलीकडच्या एका बेटावर गेली होती. शांतता राखायला. तेव्हा ते हवालदार होते. त्यांच्या चौकीजवळ नारळाच्या झाडांतलं एक गाव होतं, आणि गावाच्या तिठ्यावर विहीर. विहिरीवर बादली आणि दोर कायम असायचा, कोणीही यावं आणि ओढावं. पण या जवानांना ओढायची वेळ यायची नाही. समोरच्या घरातली एक म्हातारी यायची, स्वतः बादली ओढायची आणि यांच्या बाटल्या भरून द्यायची. त्यांची भाषा हिला येत नव्हती, हिची त्यांना येत नव्हती. ती "तंबी" म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ, हे "आई" म्हणायचे, आणि चालायचं. पुढच्या रस्त्यानं जायला निघाले की कधी कधी ती दारातूनच हात हलवायची, जाऊ नको म्हणून. त्या दिवशी ते दुसऱ्या वाटेनं जायचे. पहिल्यांदा तिचं ऐकलं नव्हतं, तेव्हा रस्त्यात सुरुंग निघाला होता, पुढच्या माणसाच्या नजरेला पडला म्हणून वाचले.

मग हुकूम आला की गावाची झडती घ्या. हत्यारं लपवली आहेत. पहाटे घेरा घातला. सुभेदार ते सांगताना टेबलावर खडूचे तुकडे मांडून दाखवत होते, हा रस्ता, हे देऊळ, ही आमची तुकडी. एक माणूस निसटला नाही. एक गोळी उडाली नाही. पुरुषांना देवळासमोर उन्हात डोक्यावर हात ठेवून बसवलं, घरं उलटीपालटी केली, चुली खणल्या. एका चुलीखाली हत्यारं सापडली, भरपूर. म्हातारीच्या चुलीखाली काही नव्हतं, पण खणली होती तीही. साहेब खूश झाला. आमच्या हवालदारांच्या नावानं शाबासकी लिहून गेली.

"दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो," ते म्हणाले, "तर दोर नाही. बादली नाही. वाकून पाहिलं तर पाणी दिसतंय, पण घ्यायचं कसं? म्हातारीचं दार बंद. आम्ही गाडीतून आमचा दोर आणला, पाणी काढलं. पाणी मिळालं, नाही असं नाही. पण दोर आमचा होता."

पोरं अजून धडाधडीची वाट बघत होती. तीही आली. थोड्या दिवसांनी त्याच रस्त्यानं निघाले, पुढे त्यांचा जोडीदार होता, सांगलीकडचा, नायक हुद्द्याचा, रात्री झोपताना घरच्या म्हशींच्या गप्पा मारणारा. म्हातारी दारात उभी होती. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं हात हलवला नाही. पुढच्या वळणावर सुरुंग उडाला, जोडीदार गेला.

"त्यानंतर आम्ही जिथं लढलो तिथं जिंकलो," ते म्हणाले. "एकही जागा सोडली नाही. दिवसा रस्ता आमचा, आणि दिवे लागले की त्यांचा. शेवटी बोटीत बसून परत आलो. किनाऱ्यावर कुणी रडलं नाही, कुणी दगडही मारला नाही. लोक मासळी सुकवत होते, ते सुकवत राहिले. जय हिंद."

आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हेच कुणाला कळेना. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना हे शिकवून आणलं होतं. मी उठून आभार मानले आणि पोरांना जिलबी वाटायला लावली. घरी येताना मी म्हटलं, "सुभेदार, झेंडावंदनाला असलं कोणी सांगतं का?" ते म्हणाले, "मग कव्हय सांगू बाई? पोरे मोठा व्हई गयात का कोनी ऐकत नही." पलटणीबद्दल मात्र वेडावाकडा शब्द त्यांनी कधी काढला नाही, आणि दुसऱ्यालाही काढू दिला नाही. त्यांचा राग कुणावर नव्हता. त्यांना फक्त तो दोर विसरता येत नव्हता.

आता गावाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी शेतातल्या मोटारींच्या केबल चोरीला जायला लागल्या. आज याची, उद्या त्याची. चोर केबल जाळून आतलं तांबं विकतात. ऐन पाण्याच्या वेळी मोटार बंद म्हणजे पीक गेलं. लोक हैराण झाले आणि सुभेदारांकडे आले. पुढे होता त्यांचा सख्खा पुतण्या विलास, चळवळ्या, हातात कायम मोबाइल, पण मनानं वाईट नाही. सुभेदारांनी तरणी पोरं गोळा केली आणि गस्त शिकवली. बॅटरी कशी धरायची, बांधावरून आवाज न करता कसं चालायचं. एक लांब शिट्टी म्हणजे आहात तिथं थांबा, दोन आखूड म्हणजे घेरा घाला. महिनाभरात चोऱ्या थांबल्या. पोरांना इतका उत्साह, की दूध घालायला जातानाही शिट्टी खिशात.

पण चोर सापडला नव्हता, आणि ते विलासला डाचत होतं. त्याचं म्हणणं, केबल भिलाटीत आहेत, झडती घेऊ. सुभेदारांनी साफ नाही म्हटलं. "संशय असेल तर पोलिसांना सांगा. आपण कुणाच्या घरात शिरायचं नाही." विलासनं बरं म्हणून मान हलवली. पुढे सुभेदार मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले, आणि इकडे पोरांनी पहाटे दोन आखूड शिट्ट्या वाजवल्या.

झालं असं की केबल सापडली. भिलाटीत राहायला आलेल्या एका जावयाच्या झोपडीमागे पोत्यात, चांगली भरपूर. जावई कबूल झाला, पोलीस घेऊन गेले, जमादारानं पोरांची पाठ थोपटली. विलासचा हार घातलेला फोटो सगळ्या मोबाइलवर फिरला. मलाही वाटलं, बरं झालं, सुटलो एकदाचे. कशाला खोटं बोलू?

सुभेदार काळा चष्मा लावून परतले तेव्हा चौकात त्यांच्यासाठीही हार तयार होता. त्यांनी तो हातात घेतला, गळ्यात घातला नाही. विलासला विचारलं, "किती घरमा शिरनात?"

"बठ्ठा घर देखनूत काका," विलास अभिमानानं म्हणाला. "एक बी सोडं नही."

"बुटं काढी व्हतात?"

विलासला प्रश्नच कळला नाही. सुभेदारांनी हार माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सकाय वेचनीले कोन येस ते देखा."

दुसऱ्या दिवशी वेचणीला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग भिलाटीतली कुटुंबंच्या कुटुंबं टेम्पोत बसून गुजरातकडे तोडणीला निघून गेली. ती दरवर्षी जातात, पण इथली वेचणी उरकून, दिवाळी झाल्यावर. या वर्षी आधीच गेली. भांडण नाही, शिवी नाही, कोणी निरोपही सांगितला नाही. शेतं पांढरीफट्ट उभी. लोक गाड्या घेऊन मजूर शोधत नवापूरपर्यंत फिरले, पण हंगामात रिकामं कोण असणार? नंतर अवकाळी आला आणि लोंबलेला कापूस काळा पडला. सरपंच म्हणाले, "सुभेदार, आपलं काय चुकनं? चोर ते सापडना." सुभेदार म्हणाले, "सापडना ना. मग आते कापूस कोन वेची ऱ्हायना?"

बाकी सगळ्यांहून मोठं जे घडलं होतं, ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. ते मी सांगितलं, कारण मी भिलाटीतल्या शाळेत शिकवलेलं आहे. भिलाटीत मोगीबाई म्हणून एक वयस्कर बाई आहे. तिचं माहेर डोंगरात, मोलगीच्या वरच्या पाड्यावर. दरवर्षी तिचा भाऊ माहेरच्या शेतातलं नवं धान्य पाठवतो, ज्वारीची, मक्याची कणसं. ते टोपल्यात घालून घरात उंच टांगतात. नवाईची पूजा होईपर्यंत नवं धान्य कोणी खात नाही, त्याला पाय तर सोडाच, खरकटा हातही लावत नाहीत. तिच्याकडची पूजा झाली की मग भिलाटीतले बाकीचे नवं खातात. पोरांनी ते टोपलं खाली ओतलं, केबल आहे का बघायला. बूट घालून त्यातून फिरले. आणि नंतर, वाईट वाटलं म्हणून, ते झाडूनं गोळा करून परत टोपल्यात भरून दिलं. "धान्यच होतं, सगळं भरून दिलं," असं विलास मला सांगत होता. त्याच्या हिशेबी विषय संपला होता.

सुभेदारांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिट्टी मन्ही व्हती, बाई."

"तुम्ही कुठे होतात तिथं? तुम्ही तर नाहीच म्हटलं होतं," मी चिडून म्हटलं.

"घेरा मी शिकाडा. कव्हय घालाना नही, ते नुसतं सांगं. शिकाडं नही." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते मोगीबाईच्या दारात जाऊन बसायला लागले. म्हातारी काही गुजरातला गेली नव्हती. सकाळचा पेपर त्यांनी सोडला. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, जमिनीवर मांडी. खाट कोणी टाकली नाही. बोलायचे नाहीत. ऊन चढलं की उठून यायचे. मोगीबाई यायची-जायची, झाडलोट करायची, त्यांच्या बाजूनं झाडू फिरवून पुढे जायची. पाणी नाही. गावात चेष्टा सुरू झाली, सुभेदार शरण गेले म्हणून. जिजीनं मात्र एका शब्दानं अडवलं नाही. ते परत यायच्या वेळेला तांब्या भरून दारात घेऊन उभी राहायची. त्या बाईबद्दल मला तेव्हा जेवढी माया वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

एक दिवस सुभेदारांनी विलासला म्हटलं, "चल, मोलगी जावानं शे." विलास का-कू करायला लागला. ते म्हणाले, "मांगे येवानं का पुढे, ते तू ठराव. पन येवानं." पुढचं मला विलासनं सांगितलं, सांगताना त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये माणसावर माणूस. सुभेदारांचा ऑपरेशनचा डोळा सांभाळत विलास कसाबसा त्यांना घेऊन मोलगीला पोहोचला. तिथून पाड्यापर्यंत चढाची वाट. सुभेदार मध्ये मध्ये थांबत होते, गुडघ्याला हात लावत होते, पण बसले नाहीत. मोगीबाईचा भाऊ दामजी घरीच होता. ओळख ना पाळख, पण चालत आलेली माणसं बघून त्यानं आधी तांब्या आणून समोर ठेवला. विलासला इतकी तहान लागली होती की त्यानं लगेच हात घातला. सुभेदारांनी त्याचा हात धरला.

"आधी सांगतो, मग पिऊ," ते दामजीला म्हणाले. आणि सगळं सांगितलं. तुझ्या बहिणीच्या घरात आमची माणसं शिरली, बूट घालून. नवं धान्य खाली ओतलं, तुडवलं. नवाई व्हायची होती.

दामजीनं विचारलं, "तू होता?"

"नव्हतो. पण त्यांना मी शिकवलं."

दामजीनं विलासकडे पाहिलं. "हा?"

"हा होता," सुभेदार म्हणाले. पुतण्याला पाठीशी घातलं नाही.

विलास म्हणाला, "बाई, मला वाटलं आता हा तांब्या उचलून आत नेणार. मारलं असतं तरी चाललं असतं. तांब्याकडे बघत बसलो होतो नुसता." आतून दामजीच्या बायकोनं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यानं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाला, "पाणी दिलं ते दिलं. परत नाही घेत. प्या."

दोघं प्यायले. विलास आधी, कारण सुभेदारांनी तांब्या त्याच्याकडे सरकवला. जाताना दामजीनं नव्या कणसांची जुडी दिली, फडक्यात बांधून. ती उतरताना सुभेदारांनी विलासच्या डोक्यावर दिली आणि सांगितलं, जीपमध्येसुद्धा खाली ठेवायची नाही. विलासनं ती मांडीवरही ठेवली नाही, आमच्या गावापर्यंत दोन्ही हातांनी धरून आणली.

मोगीबाईनं जुडी घेतली. विलास बूट बाहेर काढून उभा होता, त्याच्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि जुडी आत नेली. भिलाटीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नवाई उशिरानं का होईना केली. गावाला बोलावलं नाही आणि गावानं बोलावणं यावं अशी अपेक्षाही केली नाही. सुभेदारांना वाटलं असेल की आता पाणी येईल. आलं नाही. ते जात राहिले. विलासही अधूनमधून जाऊन त्यांच्यामागे बसायचा, मोबाइल घरी ठेवून. त्या वर्षीचा कापूस गेला तो गेलाच, त्याबद्दल गाव आजही हळहळतं. पण विलास त्या गोष्टी निघाल्या की उठून जातो.

होळीच्या आधी गुजरातला गेलेली माणसं परत यायला लागली. होळीला आमच्याकडे माणूस कुठेही असो, घरी येतोच. भिलाटीत ढोल वाजायला लागले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मुलगी झाली होती, तिला झबलं द्यायला मी तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी मला लेकीकडे नाशिकला जायचं होतं, आणि मी नाशिकला असतानाच सुभेदार गेले, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. जिजीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी रडून घेतलं. त्यांचं शेवटचं दर्शन मला घडलं नाही, हे मनाला लागून राहिलं असतं, पण निघायच्या आदल्या दिवशी भिलाटीत जे पाहिलं त्यामुळे ते सोसलं.

झबलं देऊन परत निघाले तर मोगीबाईच्या दारात सुभेदार नेहमीसारखे मांडी घालून बसलेले. ऊन चढलं होतं. दोन घरांपलीकडे गुजरातहून आलेल्या बायका गाठोडी सोडत होत्या, हसत होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात मोगीबाई बाहेर आली. हातात पितळी तांब्या. तिनं तो त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पी ले, सुभेदार." आणि लगेच वळून आत गेली, जणू काही विसरलं होतं ते आणायला.

त्यांनी या वेळी 'नायब'ची दुरुस्ती केली नाही. तांब्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं डोळे पुसले, ऑपरेशनचाही आणि दुसराही. मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि तोंड लावून, घटाघट, एका दमात संपवला. थोडं पाणी इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. रिकामा तांब्या दाराच्या दिशेनं पुढे केला आणि त्यांच्या त्या परेडच्या आवाजात नाही, घरात जिजीला हाक मारायचे तशा आवाजात म्हणाले,

"मोगीबाई, आजून दे वं."

आत माठावरचं झाकण वाजलं.